धुऱ्यावरचे वाल
आज घरभर वाल भाजल्याचा वास सुटलाय आणि मला नांदगाव खंडेश्वरकडचा आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, आठवतोय. बीटी कपाशीची ती पहिली वर्षं. सगळं गाव धुऱ्यापर्यंत कपाशी लावायचं आणि भाजी बाजारातून आणायचं. आई मात्र धुऱ्यावर काळे वाल लावायची, बी घरचं, राखेत जपलेलं. एके सकाळी पाहते तर सगळे वेल करपलेले. शेजारच्या काकूंनी तणनाशक मारलं होतं. "कचराच तं होता वं माय," त्या हसल्या, "भाजी का बाजारात नाई भेटत?" आईनं राखेतलं उरलेलं बी तेवढं सांभाळून ठेवलं. पुढच्या साली भाजी इतकी महागली की पेरणीआधी त्याच काकू दारात आल्या. "मले बी वालाचं बी दे वं." आई गोड बोलली, "उद्या ये, निवडून ठेवतो." संध्याकाळी तिनं ते बी तव्यावर मंद आचेत भाजलं. मुळातच काळं, कळणार कसं? पावसाळाभर काकूंच्या मांडवाखाली कोंब फुटला नाही, आणि हिवाळ्यात आई त्यांच्यासमोर मुद्दाम सावकाश शेंगा तोडायची. आज सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला, "ताई, देशी वालाचं बी भेटन का?" "उद्या ये," मी म्हटलं, "निवडून ठेवतो." आई आता नाही. तिचा तवा माझ्याकडे आहे.