ठिपका नसलेली कॉइल

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेले नाही. एखादी पिकअप झटके खात घरासमोरून गेली, की हातातला चहा तसाच राहतो.

यात्रेचे दिवस होते. अर्धे ठाणे पोहरादेवीला बंदोबस्तावर, उरलेले आम्ही झोपेला पारखे. अशात अनसिंगकडच्या एका खेड्यातून पहाटे एका विधवा बाईच्या सगळ्या शेळ्या चोरीला गेल्या. तिचा संसार त्यांच्यावरच चालायचा.

"गाडी नाई दिसली साहेब," ती म्हणाली, "पन आवाज आयकला. खोकलत खोकलत चालून राह्यली होती."

एवढ्यावर गुन्हा दाखल केला. पुढे खबऱ्याचा फोन आला, की बाजारतळाजवळ एक पेट्रोल पिकअप तशीच खोकते. गाडी आणि चालक दोघांना ठाण्यात आणले. बाईसमोर इंजिन सुरू केले. तिने लगेच सांगितले, "हाच आवाज."

चौकशीत चोर बहुधा भरपूर बोलतो. हा गप्प. "त्या राती गाडी घरीच होती," एवढेच. गाडी कधी बिघडली, असे विचारले की मान खाली. हवालदार म्हणाले, "साहेब, अटक दाखवा अन् मोकळे व्हा." मोकळे मलाही व्हायचे होते. पण गप्प माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो.

गॅरेजवाल्या चाचांना बोलावले. या इंजिनात प्रत्येक प्लगला ठिणगी देणारी वेगळी कॉइल असते. चाचांनी इंजिन चालू ठेवून एकेकीची वायर काढली. तिसरीची काढली तरी आवाजात फरक पडेना. ती कॉइल पहिल्या जागी आणि पहिली तिच्या जागी लावली, तर तिसरा सिलिंडर सुधारला आणि पहिला बंद पडला. कॉइलच गेली होती.

माझी नजर मात्र ठिपक्यांवर होती. बाकी तिन्ही कॉइलींवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, हिच्यावर नाही.

"ठिपके माहेच हाये," चाचा म्हणाले. "माह्या हातच्या गाडीत चारीले लावतो. हे दुसऱ्या गाडीची हाय."

तेव्हा चालक बोलू लागला. एकसारख्या गाड्या असलेल्या पिकअपवाल्यांची एक रीत आहे. गाडी मिस मारायला, म्हणजे अशी खोकायला लागली, की दुसऱ्याची कॉइल लावून पाहायची आणि परत द्यायची. चोरीनंतर, खोकणाऱ्या गाडीचा शोध चालू असल्याचे कानावर येताच, त्याचा मेव्हणा "फक्त लावून पायतो" म्हणत याची चांगली कॉइल घेऊन गेला. स्वतःची खराब कॉइल याच्या गाडीत ठेवली, ती कायमचीच. खोकला त्या गाडीतून या गाडीत आला.

मेव्हण्याच्या गाडीत ठिपक्याची कॉइल मिळाली, ताडपत्रीखाली लेंड्या. त्याने कबुली दिली. शेळ्या बहुतेक परत आल्या. बाईने एकेकीला नावाने हाक मारली, तेवढाच काय तो आनंद.

चालकाला सोडले. त्याची चांगली कॉइल मुद्देमालात जमा, म्हणून खराब कॉइलवरच निघाला.

"तुला संशय होता, तर आधी काहून नाही बोललास? आत गेला असतास," मी म्हणालो.

"बायकोचा एकुलता एक भाऊ हाय तो, साहेब."

"बरं, आता नवीन कॉइल टाकून घे."

"टाकतो. पन घरी जाऊन तिले काय सांगू?"

मी फाटक उघडायला सांगितले. गाडी खोकत फाटकाबाहेर गेली. 'गुन्हा उघडकीस' असे लिहून आम्ही दमून घरी जातो. त्याच दिवशी ते प्रकरण दुसऱ्या कोणाच्या तरी घरात सुरू होते, हे मला त्या खोकल्याने शिकवले.