अर्धी उरलेली कुपी

रामटेके दीदी बाटलीचं झाकण उघडताना श्वास रोखून धरायच्या. रायपुरातल्या आमच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत त्या बाटल्यांतलं पोषक माध्यम शिजवायला कंत्राटावर होत्या. "बाटली खोटं नाही बोलत बाई," म्हणायच्या, "आपणच तिले काहीबाही खाऊ घालतो."

माझं संशोधन भातावर. बाटलीतल्या माध्यमावर दाणा ठेवला की त्याचा पांढरा गोळा होतो. काही वाणांत त्या गोळ्याला हिरवे कोंब फुटतात, काहींत तो तपकिरी पडून मरतो. हा गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो, ते मला शोधायचं होतं. फुटणारा आणि न फुटणारा अशा दोन वाणांचा मी दोन्ही बाजूंनी संकर केला. एकदा हा आई, एकदा तो. आकडे देखणे आले. कोंब आईच्या वळणावर जात होते; फुटणारा वाण आई असेल तरच येत होते. माझे मार्गदर्शक सर खूश होते. शोधनिबंध पाठवायला चार दिवस उरले होते.

त्या दुपारी दीदी संप्रेरकाची कुपी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्याच्याशिवाय कोंब फुटत नाहीत.

"ही संपाले पाहिजे होती. अर्धी काहून उरली?"

मी कुपी घेऊन उजेडात धरली.

"माध्यमाची दोन पातेली शिजवली होती. दुसऱ्यात मी हे टाकलंच नाही. लाइट गेली अन् इसरली. एका संकराच्या साऱ्या बाटल्या त्यातूनच भरल्या."

"पक्कं आठवतं का, दीदी? थोडं तरी टाकलं असेल."

त्यांचा करार त्याच महिन्यात वाढायचा होता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"तू मले वाचवून राहिली, का स्वतःले?" एवढं विचारून त्या सरांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

सरांनी ऐकून घेतलं. "पहले क्यों नहीं देखा?"

"दिखता तो बताती, सर."

निबंध थांबला. दीदींचा करार वाढला नाही. मी सगळं पुन्हा मांडलं, त्यात वर्ष गेलं. या खेपेला दोन्ही संकरांत कोंब सारखेच फुटले. आई कोण, याने काही फरक पडत नव्हता. चुकीची गोष्ट माझ्या नावावर छापून आली असती.

वर्षभर मी त्यांना फोन केला नव्हता. राग होता, मग लाज. शेवटी आकडे घेऊन पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेले. त्यांनी कागद नीट पाहिला. मी माफी मागू लागले, तर हातानेच थांबवलं.

"मले मोठी नको करू. कुपी सोमवारी दिसली होती. तुले गुरुवारी सांगितलं." कागदाची घडी घालत म्हणाल्या, "ते तीन दिवस मले अजून पचले नाही."