बिडी-काडी बंद

आमच्या आबांनी छप्पन्न साली एक दारू सोडली आणि तीस वर्षांनी दुसऱ्या दारूत हात घातला. हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पहिली सुटली ती बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा. दुसरी तेरखेड्याच्या फटाक्यांची. सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, रानात काही उरलं नाही, म्हणून आम्ही बापलेक तिथल्या फटाके बनवणाऱ्या एका सहकारी सोसायटीत कामाला लागलो. मी अयोध्या, चाळिशीची विधवा, कागदाच्या नळ्यांत दारू भरायला. आबा, म्हणजे कोंडिबा, वय पासष्ट, माल उन्हात वाळवायला आणि उचलून ठेवायला.

बिडी मात्र आबांनी कधी सोडली नव्हती. "पंचशीलात बिडीचं नाव कुठंय, दाखीव मला," असं ठासून विचारायचे. मी चौथी शिकलेली, त्यांना अक्षर येत नव्हतं, तरी वादात तेच जिंकायचे. दिवसाला दोन बंडलं. बोलताना बिडी, रुसल्यावर बिडी, मयतीला गेले तर लागोपाठ तीन.

सोसायटीच्या फाटकावर चेअरमन नानासाहेबांनी पाटी लावली होती. 'बिडी-काडी बंद'. परवान्याची तशी अटच होती. म्हातारी माणसं चिडली. "पन्नास वर्सं वडतोय. आता म्या काय पोर हाय व्हय, माझं खिसं तपासाया?" असं आबा पहिल्याच दिवशी नानासाहेबांना म्हणाले. नानासाहेब नुसते हसले आणि खिसा उलटा करायला सांगितला. पुरुषांचे खिसे, पटके, पानतंबाखूच्या चंच्या सगळं बघितलं जायचं. आम्ही बायका सरळ आत. बायकांना हात कोण लावणार, आणि बायका बिडी कशाला ओढतील, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं.

फाटकाबाहेर शंभर पावलांवर एक बाभळ होती. जेवणाच्या सुट्टीत बिडीवाले तिच्याखाली जमायचे. ज्यांच्या ओसरीला आमचा पाय कधी लागला नव्हता तेही तिथंच यायचे. जाणार कुठं? पाटी सगळ्यांना सारखी होती. आबा तरणे होते तेव्हा गावात विस्तव मागितला तर लोक लांबून फेकायचे. आता उत्तरेश्वर, वीस एकरांचे धनी, दुष्काळानं आमच्याच हजेरीत आलेले, काडी वाऱ्यानं विझली की तोंडातली बिडी पुढं करायचे आणि आबांच्या बिडीवर पेटवून घ्यायचे. दोघांचे पटके एकमेकांना लागायचे. घरी आले की आबा मला पहिलं तेच सांगायचे. "आज उत्तरेश्वररावांनी तीनदा इस्तू घेतला माझ्याकडनं." त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला बरं वाटायचं, आणि लगेच धास्तीही वाटायची.

कारण मला आबांची खोड ठाऊक होती. अर्धी बिडी विझवून थोटूक कानावर ठेवायचं, नाहीतर पटक्याच्या घडीत. ते नीट विझलं का, हे ते कधी बघायचे नाहीत. रोज सकाळी वाटेनं मी त्यांच्या कानाकडं बघत चालायचे. शेडमध्ये आम्ही चौदा जणी ओळीनं बसायचो. कुणाच्या हातून झाकण पडलं तरी मी दाराकडं बघायचे. बाहेर आबांचा खोकला ऐकू आला की वाटायचं, हा बिडीचाच खोकला. माझा सारा दिवस बापाच्या भीतीत जायचा. असं म्हणायला लाज वाटते, पण होतं ते असं.

एका दुपारी मी पाणी प्यायला उठले. शेडच्या मागच्या भिंतीच्या सावलीत आबा उकिडवे बसलेले दिसले. मांडीवर चंची उघडी, एका हातात गारगोटी, दुसऱ्या हातात पोलादाचा तुकडा आणि चिमटीत कापूस. आमच्या आजोबांची चकमक. फाटकावरच्या माणसानं दगड समजून सोडली असणार.

"आबा!" मी ओरडले.

"आरडू नगंस. बिडी न्हाय, कापूस कोरडा हाय का तेवढं बगत व्हतो. आन ही काय काडी हाय? पाटीवर काडी बंद हाय. ही चकमक हाय."

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या हिशेबानं त्यांनी नियम पाळला होता. माझं डोकं असं तडकलं! "ह्या भितीच्या पल्याड काय हाय ठावं हाय का? माझी जागा. दारूचं घमेलं माझ्या मांडीला लागून असतंय."

आबांनी भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. चंचीची दोरी त्यांना बांधता येईना, शेवटी मीच बांधली. त्या संध्याकाळी घर येईपर्यंत मी त्यांना सोडलं नाही, वाट्टेल ते बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चकमक नानासाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. नानासाहेब आधी लालबुंद झाले. काढून टाकतील असं मला वाटलं. पण थोड्या वेळानं म्हणाले, "कोंडिबा, तुम्हीच बसा आता फाटकात. तुमच्या वयाच्या माणसांच्या खोड्या आमच्या पोरांना कळत न्हाईत."

आबा फाटकात बसले आणि त्याच दिवशी बिडी सुटली. बाभळीखाली जाणं बंद, घरी बंद, मयतीलासुद्धा बंद. मी सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या बोलण्यानं सुटली. आबांनी ते कधी खोडून काढलं नाही. ते चिडचिडे झाले, रात्रंदिवस फुटाणे चावायचे, आणि झडती मात्र अशी घ्यायचे की माणसं शिव्या देत आत यायची. एकदा उत्तरेश्वरांच्या पटक्यात थोटूक सापडलं. आबांनी त्यांना माघारी धाडलं. दिवस बुडाला त्यांचा.

"आमचा इस्तू आता चालंना व्हय तुला, कोंडिबा?" उत्तरेश्वर सगळ्यांदेखत म्हणाले. त्यानंतर त्यांनी आबांशी बोलणं टाकलं. आबांना ते किती लागलं हे मला दिसत होतं. तरी दुसऱ्या सकाळी त्यांनी उत्तरेश्वरांचा पटका पुन्हा सोडायला लावलाच. दिवसभर ते फाटकात बसून शेडकडं बघत राहायचे. कुठं काही वाजलं की उठून उभे. मला वाटायचं, वय झालं, मन हळवं झालं.

दिवाळीआधीची गर्दी सुरू होती. एका सकाळी कामावर येताना मी दुकानातून मीठ, चहापत्ती आणि आगपेटी घेतली. पिशवी फाटकापाशी खुंटीला अडकवली आणि आत जाऊन बसले. तासभर नळ्या भरल्या असतील. घमेलं पुढं ओढायला वाकले तर पोटाला काहीतरी टोचलं.

आगपेटी माझ्या कनवटीला होती.

पिशवीत काड्या सांडतात म्हणून आगपेटी कनवटीला खोचायची, ही माझ्या आईपासूनची सवय. हातातली नळी मी कशी खाली ठेवली, देव जाणे. भरभर उठायचं नाही, घासायचं नाही, पडायचं नाही. शेजारच्या धुरपदाबाईनं विचारलं, काय झालं. पोटात दुखतंय म्हणाले. पोट दोन्ही हातांनी धरून फाटकापर्यंत चालत गेले आणि आगपेटी आबांच्या हातावर ठेवली.

आबा ताडकन उठले. "कुनाजवळ घावली?"

"माझ्याजवळ."

त्यांना कळलंच नाही. "तुला कुनी दिली?"

"इकत घेतली, आबा. चुलीसाठी. बिडी-काडी बंद म्हंजे बिडीची काडी, असंच वाटत व्हतं मला. ही घरची..." चौथी शिकलेली बाई मी. ती पाटी रोज वाचून आत जात होते.

"ह्याच्या आदी?"

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. "सामान घेते तवा. आठवड्याला एकदा तरी."

आबा फाटकाला टेकून खाली बसले. आगपेटी त्यांनी दोन्ही तळव्यांत धरली होती, दाबत नव्हते, सोडतही नव्हते.

"बाभळीखालचा इस्तू सोडला म्या," ते म्हणाले. "उत्तरेश्वररावांचं बोलनं गेलं. तुझ्या बोलन्यानं न्हाय सुटली गं बिडी. तू भितीच्या पल्याड बसतीस म्हनून सुटली. आन समद्यांची झडती घेतली म्या, आन तुला रोज ह्याच हातानं फाटक उघडून देत व्हतो."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. आतून धुरपदाबाई हाका मारत होती, पोट दुखायचं थांबलं असेल तर ये, माल पडून राहिलाय म्हणून.