पाण्यावर चालणारा टँकर

आमच्या मालकांचं नाव मी घेत न्हाय. वस्ती त्यांना येडूदा म्हणती, तेवढं पुरे. आदी चिंचोळी एमआयडीसीत वेल्डर व्हते. आता सांगोल्याहून आमच्याच वस्तीला पाण्याचा टँकर आणत्यात.

मोबाईलवर कुणीतरी पाण्यावर मोटारसायकल पळवून दाखवली, आन् ह्यांचं डोस्कं फिरलं. स्टीलच्या डब्यात पत्र्याच्या चकत्या बसवल्या, पाण्यात खायचा सोडा टाकला, बॅटरीच्या वायरी जोडल्या. म्हणाले, "पाण्यातनं गॅस निघतो. त्यो इंजिनात गेला की डिझेल निम्मं!" गॅस निघायचा, खोटं कशाला बोलू? बुडबुडे मी बघितले की.

"पर बॅटरी कोण भरतंय?" मी इचारलं.

"इंजिन."

"आन् इंजिन कशावर चालतंय?"

"तू मेंढरं बघ," म्हणाले.

मेंढरंच बघत व्हते. विहिरीनं तळ गाठलेला. व्यालेल्या मेंढ्यांचं दूध आटलं व्हतं, कोकरं नुसती आचळं ओढत व्हती. त्या दिवशी टँकरचं पाणी विहिरीत पडलं न्हाय तर ती जगणार न्हवती.

टँकर आला न्हाय, फोन आला. फाट्यावर चहाला थांबले, इंजिन बंद केलं आन् गॅस साठू दे म्हणून डबा तसाच चालू ठेवला. बॅटरी बसली. धन्य हाय बाई!

आमी मेंढरं घिऊन फाट्यावर गेलो. थोरल्या जाऊबाई, केराबाई, म्हणाल्या, "ढकला की." भरला टँकर हलतोय व्हय? आदी रिकामा करायला पायजे. वस्तीनं घागरी आणल्या, लग्नाची पातेली आणली. मेंढरं प्याली, भांडी भरली, तरी टाकी सरंना. उरलेलं रस्त्यावर सोडलं. मग ढकलला, चालू झाला.

तेवढ्यात माझी एक मेंढी मागनं लंगडत आली, कोकरू तिच्या पायात. भांडी घराकडं गेलेली. मालकांनी त्यो सोड्याच्या पाण्याचा डबा सोडवून तिच्यापुढं धरला. तिनं वास घेतला आन् तोंड फिरवलं. तेवढी अक्कल मेंढीलाबी हाय.

मालक खाली बसले आन् रस्त्याकडंच्या चरातलं गढूळ पाणी ओंजळीनं तिला पाजाया लागले. डोळं भरलेलं. मला लई राग आला व्हता, तरी मीबी बसले.

कोकरू जगलं. वस्तीनं त्याचं नाव डिझेल ठिवलंय. मालक ते नाव घेत न्हाईत.