सोमवारी परत देतो म्हणून नेलेलं खरेदीखत

लिफाफ्यात कर्जमंजुरीचं पत्र होतं. घराचा नकाशा होता, घरपट्टीची पावती होती. खरेदीखत नव्हतं.

मी लिफाफा उलटा करून झटकला. आत हात घालून चाचपलं. शेजारचे दोन लिफाफे उघडले, चुकून त्यात गेलं असेल म्हणून. नाही.  कपाटाला धरून उभी राहिले.

सेलूच्या आमच्या शाखेत कागदपत्रांचं एक फायरप्रूफ कपाट होतं. त्याला दोन चाव्या. एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. दोघांनी मिळून उघडायचं आणि बंद होईपर्यंत दोघांनी समोर उभं राहायचं, असा नियम. त्या दिवशी पवार साहेबांनी आपली चावी लावली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते केबिनमध्ये गेले. म्हणून माझा चेहरा त्यांनी पाहिला नाही. मी कपाट लावून टाकलं.

"काढले का मॅडम कागद?" त्यांनी आतूनच विचारलं.

"बघते साहेब. फायली सरकल्यात जराशा."

माझ्या रिटायरमेंटला चार महिने राहिले होते.

कागद होते सुनंदा खंदारे यांच्या घराचे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी होम लोन घेतलं होतं, ते मीच केलं होतं. अजून सहा वर्षं हप्ते बाकी होते. पण त्यांचे वडील वारले. रेल्वेत गँगमन होते, रिटायर झाल्यावर मिळालेला पैसा त्यांनी एफडीत ठेवला होता. भावानं हक्कसोड वगैरे काही न मागता निम्मे पैसे बहिणीला दिले. आमच्याकडे हे रोज बघायला मिळत नाही. त्या पैशातून बाईंनी सगळं कर्ज एकदम फेडून टाकलं. मुदतीआधी कर्ज मिटवणं, याला आम्ही फोरक्लोजर म्हणतो. चेक पास झाला, खातं निल झालं. आता बँकेनं तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यायचे. उशीर झाला तर रोजचा दंड, आणि तो दंड कुणामुळे बसला याची चौकशी.

होम लोन देताना बँक तुमच्या घराचं मूळ खरेदीखत ठेवून घेते. ते कपाटात आहे तोवर घर तारण. कपाटातून गेलं, की बँकेकडे नुसता तुमचा शब्द उरतो.

आणि ते कुठं गेलं, हे मला माहीत होतं. मीच दिलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, कर्ज होऊन महिनाही झाला नसेल. एका शनिवारी सुनंदाबाईंचे वडील आले. कोंडीबा वाघमारे. मी त्यांना मामा म्हणायची. टोपी हातात घेऊन उभे.

"मॅडम, आमची म्हातारी माय लय थकलीय. बोरीला हाय. दोन दिस काढती का न्हाई, सांगता येत न्हाई. तिला घराचा कागद एकडाव हातात द्यायचाय."

"मामा, झेरॉक्स न्या ना."

"झेरॉक्सला कोण कागद म्हनतंय, मॅडम? जनम गेला तिचा लोकायच्या वावरात खुरपन्यात. तिच्या नातीच्या नावाचा शिक्का तिला बघायचाय. सोमवारी तुमच्या हातात आनून देतो."

तेव्हाच्या मॅनेजरांनी आपली चावी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. काढा तुम्हीच, म्हणाले. मी काढलं आणि दिलं. ना रजिस्टरला नोंद, ना सही. सोमवारी येणारच आहे, कशाला लिहायचं?

म्हातारी रविवारी गेली. मामा दुखवट्यात अडकले. त्याच आठवड्यात माझी सोनपेठला बदली झाली आणि माझ्या जागी जाधव साहेब आले. त्यांच्याकडे दिलं असेल मामांनी, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर, विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर दिलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. पुढं फिरत फिरत मी पुन्हा सेलूला आले, कपाटाची चावी घेतली. शेकडो लिफाफे, कोण उघडून बघतंय? लिफाफे मोजले आणि सही केली.

आता मामाही नव्हते. मी कोणाला विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्वरभाई आले. आमचे शिपाई. "मॅडम, वो खंदारे टीचर आल्यात. तुमालाच भेटायचं म्हणतात."

"साहेबांकडं पाठव."

"साहेब नको म्हणतात. मोरे मॅडमच पायजे."

मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. पाऊण तास. जुन्या व्हाउचरची धूळ नाकात जात होती आणि शिंकायची चोरी. साठीला टेकलेली बाई मी, लपून बसले होते!

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी मोबाईल पालथा ठेवला. पुन्हा आला. पुन्हा ठेवला. तीन दिवसांनी त्या परत बँकेत आल्या, तेव्हा मी जेवायच्या खोलीत दार लावून बसले. अन्वरभाईंनी निरोप आणला, "बोलल्या, दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही. कागदाचंच काम है, मॅडमला सांगा, बोलल्या."

झालं! मला वाटलं, हिला कळलं. बाप मरताना सांगून गेला असणार, की कागद मॅडमनं बाहेर काढला होता. आता वर तक्रार जाणार, चौकशी लागणार, पेन्शन अडकणार. घरी भाजीत दोनदा मीठ पडलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालंय तुला?" मी त्यांच्यावरच खेकसले.

त्याहून वाईट विचारही येत होते. मामांनी तेच खत दुसरीकडे कुठं गहाण ठेवलं असेल तर? म्हाताऱ्या माणसाला कुणी फसवलं असेल तर? आणि हरवलंच असेल, तर त्या बाईचं काय? नोंदणी कार्यालयातून नक्कल निघते, पण त्याआधी पोलिसांत तक्रार, पेपरात जाहिरात. एवढं करूनही उद्या घर विकायला काढलं, की गिऱ्हाईक विचारणारच, ओरिजिनल कुठाय? बापाच्या पैशातून बाईनं घर मोकळं केलं आणि मी ते कायमचं अडकवून ठेवलं.

एक वाट होती. सांगायला लाज वाटते. जाधव साहेब दोन वर्षांपूर्वी वारले होते. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही. मी कॉम्प्युटरवर टाइप केलं, 'सदर दस्त मागील अधिकाऱ्यांच्या ताब्यात असताना गहाळ झाला असावा.' प्रिंट काढली. ड्रॉवरमध्ये ठेवली. रोज सकाळी ड्रॉवर उघडून बघायची आणि परत लावायची. जाधव साहेबांच्या बायकोला मी ओळखत होते. बाजारात भेटायच्या.

दहाव्या दिवशी सुनंदाबाई सकाळी बँक उघडतानाच दारात उभ्या. पळायला जागाच नव्हती.

"मॅडम, दोन मिनटं बाहेर येता का? मला तुमच्याशीच बोलायचंय."

 बाहेर नेऊन ही मला काय ऐकवणार? "जे काय असेल ते साहेबांसमोरच बोलू," मी म्हणाले.

"अहो मॅडम, साहेबांसमोर नको..."

मी केबिनमध्ये शिरलेसुद्धा. त्या मागून आल्या. पवार साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, यांच्या कागदांचं काय झालं? दहा दिवस नुसतं बघते, बघते करताय."

"खरेदीखत लिफाफ्यात नाही, साहेब."

ते सरळ होऊन बसले. मग हळूच म्हणाले, "मध्ये तो जाधव साहेबांचा पिरियड होता ना? तेव्हा गेलं असेल. तसं लिहून द्या, पुढचं मी बघतो."

सुनंदाबाई मध्येच बोलल्या. "हो साहेब, असंल तसंच. काई घाई नाही मला. मॅडम, चला ना बाहेर."

मला त्यांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. ड्रॉवरमधला तो कागद डोळ्यांसमोर होता. "नाही साहेब," मी म्हणाले. "जाधव साहेबांचा काही संबंध नाही. मी दिलं होतं. यांच्या वडलांना. नोंद न करता."

सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "कामून बोललात हो, मॅडम!"

आणि पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकची पिशवी, वरून सुतळी. सोडली. आत खरेदीखत. कोरं करकरीत. सोबत वहीच्या पानाची चिठ्ठी, कुणा शाळकरी पोराकडून लिहून घेतलेली असावी: 'मोरे मॅडमच्या हातात देणे. दुसऱ्या कोणालाही नाही.'

"बाबा दुखवट्यातूनच पुढच्या सोमवारी आले होते," त्या म्हणाल्या. "तुमची बदली झाली म्हणले. दुसऱ्या साहेबाकडं दिलं तर बाईची नोकरी जाईल, म्हणून परत घेऊन आले. सोनपेठलाबी दोनदा गेले होते, तुमी सुट्टीवर. तुमी परत सेलूला आल्या तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं. कर्ज फिटल्यावर बाबांच्या पेटीत मला हे घावलं. दहा दिवस फोन लावायलेय मी तुमाला. उचलीनात तुमी."

 मग पवार साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. ऐकलंय, तर लिहावं लागणार."

लिहिलं त्यांनी. मला लेखी ताकीद मिळाली. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीतला तो एकमेव मेमो, रिटायरमेंटच्या तोंडावर. पेन्शनला धक्का लागला नाही. ड्रॉवरमधली प्रिंट मी त्याच दिवशी फाडली.

त्या सकाळी मी ते खरेदीखत नऊ वर्षांनी रजिस्टरला जमा करून घेतलं आणि पाच मिनिटांनी सुनंदाबाईंना परत दिलं. तारीख, वेळ, त्यांची सही, माझी सही, साहेबांची सही. सही करून मी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, बाईनं इश्वास ठेवला."

नवीन लागलेली मुलं विचारतात, काही सांगा मॅडम. मी दोनच गोष्टी सांगते. कागद कपाटातून निघाला की रजिस्टरला लिहा, समोर कितीही भला माणूस असो. आणि ग्राहकाचा फोन आला तर उचला. एका म्हाताऱ्यानं नऊ वर्षं माझी नोकरी पेटीत जपून ठेवली होती, आणि मला दहा दिवस त्याच्या लेकीचा फोन उचलवला नाही.