फळ्यांखाली उतरणारे दादा

"जेवून आला असाल तर बाहेर थांबा," असं घरमालकाला मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगून दादा दाराजवळचं पायपुसणं बाजूला सारायचे आणि त्याखालचं लाकडी झाकण उचलायचे. मग मला मराठीत विचारायचे, "ताई, तुम्ही?"

"नाही जेवले," मी म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी जेवून गेले होते. त्या दिवसाबद्दल फार सांगत नाही. त्या घरच्या बाईंच्या अंगणातल्या एका कुंडीची मी दोनदा माफी मागितली, एवढं पुरे.

तुम्ही नेदरलँड्समध्ये जुन्या घरात राहत असाल तर तुमच्याही पायाखाली अशी एक पोकळी असेल. खाली ओली माती, वर लाकडी तुळया आणि फळ्या, आणि मध्ये जेमतेम गुडघाभर उंचीची काळोखी जागा. इथे तिला क्राउपराउम्ते म्हणतात, म्हणजे सरपटायची जागा. माणसं तिच्यावर चाळीस चाळीस वर्षं सोफे टाकून बसतात, वाढदिवस करतात आणि एकदाही आत डोकावत नाहीत. मी तीन वर्षं डोकावले. त्यानंतर कोणाच्याही घरी चकचकीत फळ्या दिसल्या की मला आधी किळसच येते. कौतुक नंतर, आलं तर.

दादांची नि माझी ओळख रायस्वाइक गावातल्या डच भाषेच्या वर्गात झाली. आम्ही दोघंही जोडीदाराच्या व्हिसावर आलेलो. माझे यजमान आयटीत, त्यांच्या पत्नी संशोधनात. वर्गात वीसेक बायका आणि मागच्या बाकावर हा एकटा पन्नाशीचा पुरुष, पांढरा शर्ट इस्त्री करून आलेला. नागपूरला ते सिव्हिल इंजिनीअर होते. इथे आल्यावर दोन वर्षं घरी पोळ्या लाटल्या, मग एका डच माणसाच्या हाताखाली या पोकळ्या तपासून दुरुस्त करायचं काम शिकले. त्या माणसाचे गुडघे गेले तेव्हा त्याची व्हॅन आणि हत्यारं दादांकडे आली. व्याकरण मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

"मला खाली जाता येते, ताई," ते म्हणाले, "वर येऊन लिहिता येत नाही." अशी मला नोकरी लागली.

काम असं की झाकणाच्या कडेला बसायचं, दिव्याची वायर धरायची आणि खालून येणारं बोलणं टिपून घेऊन घरमालकासाठी डचमध्ये अहवाल लिहायचा. ते सारखे बोलत राहायचे. "ओलं. ओलं. इथे कोरडं. ही तुळई बरी आहे. ही नाही, ही गेली. बाप्पा, हे काय आहे." हे 'बाप्पा' आलं की मी पेन खाली ठेवायचे, कारण पुढचं अहवालात लिहिण्यासारखं नसायचं. थंडी अडवायला फळ्यांखाली लावलेलं, आता भिजून लोंबणारं, गोधडीसारखं फुगलेलं लोकरी अस्तर. तुळईवर दाटीवाटीनं बसलेल्या बिनशंखाच्या गोगलगायी. उंदरांची घरटी. फुटलेल्या नळाखाली वर्षानुवर्षं साठून साय धरलेलं काहीतरी. टोकदार पेचकस तुळईत खुपसला की चांगल्या लाकडात तो टक्कन अडतो. कुजलेल्या लाकडात शिऱ्यात चमचा जावा तसा जातो. मी त्या वर्षापासून शिरा खाल्लेला नाही.

"नाक नका दाबू," ते खालून सांगायचे. न बघता त्यांना कळायचं. "नाकच तर सांगते. हा जमिनीतल्या पाण्याचा वास आहे, हा गटाराचा नाही. गटाराचा आला की तुम्हाला विचारावं लागणार नाही."

तुम्हाला वाटेल, या माणसाला घाण वाटत नसेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ते वर यायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा, कडू औषध पाजलेल्या मुलासारखा. अंगावरचा पांढरा कागदी पोशाख आतली बाजू बाहेर करून उतरवायचे, पिशवीत बांधायचे, कोपरापर्यंत तीनदा हात धुवायचे आणि वेलदोडा गालात धरून पाच मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत.

एकदा मी विचारलं, "दादा, एवढी किळस येते तर दुसरं काही का बघत नाही?"

"ज्याला किळस येत नाही नं, त्यानं हे काम करू नये," ते म्हणाले. "तो घाण तिथंच ठेवून येते."

त्यांनी एकच गोष्ट करायला नकार दिलेला मी पाहिला. रायस्वाइकमध्येच एका म्हाताऱ्या डच गृहस्थांकडे गेलो होतो. खाली जाऊन दोन मिनिटांत दादांचं बोलणं थांबलं. मग आवाज आला, "ताई, मांजर आहे. मेलेलं. लई दिवसांचं." वास माझ्यापर्यंत आलाच होता. ते तसेच मागे सरकत बाहेर आले आणि पायरीवर बसले.

"ओढून काढायचं ना?" मी विचारलं.

"मी नाही काढणार." त्यांनी हातमोजे काढून शेजारी ठेवले. "आमच्या आजोबांच्या पिढीनं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, ताई. सुखासुखी सोडलं नाही. मार खाल्ला, पाणी बंद झालं, पण सोडलं. बाकी काहीही सांगा, गटारात हात घालतो. हे नाही."

मी त्या गृहस्थांना काय सांगावं याचा विचार करत होते. शेवटी एवढंच सांगितलं की हे आमच्या कामात येत नाही. त्यांनी जराही वाईट वाटून घेतलं नाही. प्राण्यांच्या ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि एक तरुण मुलगी येऊन मांजर पिशवीत घालून घेऊन गेली. जाताना तिनं टोपीला हात लावून दादांना नमस्कार केला. दादांनी खाली जाऊन उरलेलं काम संपवलं.

वडिलांना नागपूरला व्हिडिओ कॉल करताना ते पुन्हा तो इस्त्रीचा शर्ट घालायचे. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलाला इंजिनीअर करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. "काय करून राहिला सध्या?" ते विचारायचे. "पायाचं काम, बाबा. फाउंडेशन." एवढ्यावर म्हातारा खूश असायचा. शेवटपर्यंत त्यांना इतकंच माहीत होतं.

आता बाडहूव्हडॉर्पच्या घराबद्दल सांगते. ते सांगायला मला आवडत नाही, कारण त्यात मीही आहे.

विमानतळाजवळच्या या गावात एका मराठी कुटुंबानं जुनं घर घेतलं होतं. नवरा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचा खोकला जात नव्हता, तिच्या तळमजल्यावरच्या खोलीला कुबट वास येत होता. फोनवर नवरा आनंदानं म्हणाला, "वा, मराठी माणूस मिळाला. आपलं माणूस ते आपलं माणूस." गेलो तेव्हा स्वयंपाकघरात बसवलं. गप्पा निघाल्या. मूळचे कुठले, नागपुरात कोणत्या भागात, आडनाव काय. दादांनी आडनाव सांगितलं. नवरा "अच्छा" म्हणाला, आणि गप्पा तिथेच संपल्या.

दादा खाली गेले. बराच वेळ "ओलं, ओलं" चाललं होतं. मग गप्प. मग प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून तो वास. मी बरंच सोसलं होतं, पण तसा वास त्याआधी कधी घेतला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. झालं असं होतं की तिथली जमीन वर्षानुवर्षं खचत गेली, घर खांबांवर जागच्या जागी राहिलं, आणि मधला संडासाचा पाइप तुटला. सगळं बाहेर जाण्याऐवजी मुलीच्या खोलीखाली साठत होतं. किळस येण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. घर विकण्याआधी कोणीतरी कारागीर आत येऊन ते बघून गेला होता, त्यावर जाड प्लास्टिक अंथरून, कडा नीट चिकटवून, वर झाकण लावून गेला होता. त्या माणसाचा मला आजही राग येतो. वाफ कोंडून तुळयांची टोकं काळी पडली होती.

दादा वर आले, पोशाख उतरवला, पिशवी बांधली. आत हात धुवायला निघाले तर नवरा दारात उभा राहिला. "बाहेर बागेत नळ आहे," तो म्हणाला.

फेब्रुवारी होता. डच घरांमधून म्हाताऱ्या बायका दादांना हाताला धरून बेसिनपाशी न्यायच्या, गरम पाणी सोडून द्यायच्या. त्याच घाणीतून आलेल्या माणसाला. दादा बागेत गेले. मला आत बोलावलं गेलं. नवऱ्यानं माझ्यासमोर कपबशीत चहा ठेवला आणि एक कागदी पेला भरून मागच्या पायरीवर ठेवून आला. काचेतून मला दादा दिसत होते. थंड पाण्यानं तीनदा, कोपरापर्यंत. मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी चहा प्यायले. आलं घातलेलं होतं.

निघताना दादा नवऱ्याला म्हणाले, "त्या खोलीत पोरीला झोपवू नका. तुळया गेल्या आहेत." दादा काम वाढवण्यासाठी असं सांगतायत, असं नवऱ्याला वाटतंय हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "बघू, अजून एकाला दाखवतो," तो म्हणाला.

व्हॅनमध्ये मी मान खाली घालून बसले होते. दादांनी गाडी सुरू केली आणि विचारलं, "चहा चांगला होता का, ताई?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं, दादा," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

तीन आठवड्यांनी त्या घरातल्या बायकोचा मला फोन आला. पहिल्या भेटीत ती एक शब्द बोलली नव्हती. मुलीच्या खोलीत कपाटाचा पाय फळी मोडून खाली गेला होता. मुलगी शाळेत होती म्हणून वाचली. पलंग कपाटाला लागूनच होता. "ते येतील का?" तिनं विचारलं. "तुम्ही विचारून बघा. मला विचारायची लाज वाटते."

मी विचारलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील, आणि तसं त्यांनी म्हणावं असंही मला वाटत होतं.

"येतो," दादा म्हणाले. "पण आधी साहेबांना खाली यावं लागेल. त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास नाही बसला. त्यांना डोळ्यांनी बघू द्या."

आणि नवरा खरंच उतरला. त्याला पांढरा पोशाख घालायला दादांनीच मदत केली, चेन गळ्यापर्यंत ओढून दिली. तो पुढे, दादा मागे. दोनतीन हात आत गेला असेल, मग ओकारीचा आवाज आला. दादांचा शांत आवाज ऐकू येत होता. "होते, होते. डोकं वर नका करू, तुळई लागेल. हळूहळू मागे या. मी आहे."

वर आल्यावर तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "आम्ही यावर राहतो?"

"हो," दादा म्हणाले. "आणि ते तुमच्याच घरचं आहे, साहेब. माझं त्यात काही नाही."

बायको उठली, स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडला, धुतलेला टॉवेल खांद्यावर घेऊन उभी राहिली. नवरा उठायला लागला तशी ती म्हणाली, "तुम्ही बसा. दादा, आधी तुम्ही या."

दादांनी अगदी सावकाश हात धुतले. नवरा खाली बसून होता, स्वतःच्या हातांकडे बघत.

काम दोन आठवडे चाललं. मोठी टाकी असलेला ट्रक येऊन सगळं ओढून घेऊन गेला. नवा पाइप बसला, तुळयांची कुजलेली टोकं कापून नवं लाकूड जोडलं, कोणीतरी सिमेंटनं बुजवलेल्या हवेच्या जाळ्या मोकळ्या केल्या. दादा खोकत होते. मी म्हटलं तर म्हणायचे, "धूळ आहे." त्यांच्या डॉक्टरनं त्याआधीच्या शरद ऋतूतच सांगितलं होतं की बुरशीनं फुप्फुसं खराब झाली आहेत, आता एकदाही खाली जायचं नाही. हे मला नंतर त्यांच्या पत्नीनं सांगितलं, तेही रागानं. मला माहीत असणार असं त्यांना वाटत होतं.

ते त्यांचं शेवटचं घर. पुढच्या उन्हाळ्यात पत्नीचं संशोधन संपलं आणि दोघं नागपूरला परत गेले. आता कधीतरी फोनवर बोलतो. बोलता बोलता ते मध्येच थांबतात, श्वास घेतात, आणि मी काही ऐकलं नाही असं दाखवते.

बाडहूव्हडॉर्पला शेवटच्या दिवशी शिंपल्यांचा ट्रक आला होता. जमिनीतली ओल वर येऊ नये म्हणून इथे पोकळीत समुद्रातले शिंपले पसरतात. जाड नळीतून ते खडखडत आत गेले. नंतर दादांनी हाक मारली, "ताई, आज या खाली." तीन वर्षांत मी एकदाही उतरले नव्हते. मी पोटावर झोपून डोकं आणि खांदे आत घातले. शिंपल्यांनाही वास होता, सडक्या समुद्राचा. पण दिव्याच्या उजेडात ते पार भिंतीपर्यंत पांढरे होते. त्यावर दादा उताणे पडले होते, टोपी काढून, एक हात वर नव्या तुळईला लावून, डोळे मिटून.

"दादा," मी म्हटलं, "चला ना वर. झालं सगळं."

"थांबा जरा," ते म्हणाले. "आत्ताच तर स्वच्छ झालं."