एक थेंब नेलपॉलिश

माणूस जातो, पण त्याने जोडलेलं कधी सुटत नाही, असं सुधाकरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक वक्ते गंभीरपणे म्हणाले. म्हणेपर्यंत माइक त्यांच्या हनुवटीवरून पोटापर्यंत उतरला होता. स्टँडचा स्क्रू सैल होता. सुधाकर असता तर भाषणाच्या मध्येच पेचकस घेऊन उठला असता... मी त्याला खुणावायला वळलोसुद्धा. शेजारी कुणी अनोळखी बाई बसल्या होत्या.

आम्ही दोघे कळव्याचे, रविवारी सकाळी खाडीवर पक्षी बघणारे. बऱ्याच वर्षांपूर्वी टिटवाळ्याच्या एका शेतात त्याच्या दुर्बिणीचा तांदळाएवढा स्क्रू चिखलात पडला. दोन पोक्त गृहस्थ गुडघ्यांवर रांगताना पाहून बांधावरच्या काकांनी विचारलं, "काय हरवलं?"

"स्क्रू."

"डोक्याचा का?"

तो मिळाला नाहीच. तेव्हापासून सुधाकर दुर्बीण, ट्रायपॉड, चष्मा, दिसेल त्याचा स्क्रू आवळून त्याच्या कडेला नेलपॉलिशचा थेंब सोडू लागला. थेंब वाळला की स्क्रू आपण होऊन फिरत नाही. काढायचाच असेल तर पेचकसाने निघतो. "स्क्रू म्हणजे पाहुणा रे," तो म्हणायचा, "सारखा आपला निघतो निघतो करतो. हा थेंब म्हणजे आग्रह." वहिनींच्या बाटल्या भराभर संपू लागल्या, तेव्हा तो स्वतः दुकानात गेला. "काका, शेड कुठली?" तिथल्या मुलीने विचारलं. "स्क्रूला शोभेल अशी."

शेवटच्या रविवारी माझ्या दुर्बिणीच्या बिजागरीचा स्क्रू हलताना त्याने पाहिला. "दे इकडे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"आत्ता नको रे, फ्लेमिंगो समोर आलेत. पुढच्या रविवारी कर."

"पडला तर मी चिखलात उतरणार नाही हां."

गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "भावोजी, हे उठलेच नाहीत हो..." मी म्हणालो, "अहो, पण रविवारी त्याला माझा स्क्रू बसवायचाय." इतकी वर्षं वाचन केलं, आणि ऐन वेळी तोंडातून हे निघालं. धक्का बसल्यावर माणूस खरं बोलतो म्हणतात. मी तर भेटीची वेळ पक्की करत होतो.

कार्यक्रम संपल्यावर वहिनींनी त्याची खाडीवर न्यायची पिशवी माझ्या हातात दिली. आत पेचकस, आणि त्याला रबरबँडने बांधलेली लाल बाटली. "तुमच्या स्क्रूसाठी ह्यांनी बुधवारीच भरून ठेवलेली," त्या म्हणाल्या. अर्धं मिनिट मागितलं होतं त्याने...

घरी येऊन मी दुर्बीण टेबलावर ठेवली, त्याच्या पेचकसाने स्क्रू आवळला आणि बाटली हातात घेतली. झाकण वाळलेल्या पॉलिशने चिकटलंय. गरम पाणी, ओलं फडकं, दाराची फट, सगळं करून झालं. माझ्या स्क्रूवर सध्या चिकटपट्टी आहे.